बिनहळदीची नवरी

माझ्या लग्नात मला हळद लागली नाही, आणि त्याचं कारण निजामाचा झेंडा होता. एवढं सांगून मी थांबते. ऐकणाऱ्याचा चहाचा कप ओठांपाशी थबकतो, आणि तेवढ्यासाठीच मी ही गोष्ट सांगते.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. निजामाच्या राज्यातल्या वाशी गावात त्यांचं कापडाचं दुकान होतं. स्वातंत्र्याच्या चळवळीची पांढरी टोपी घातली म्हणून चौकीच्या जमादारानं भर बाजारात ती त्यांच्या डोक्यावरून उचलून नेली. दुसरी घातली, तीही गेली. मग आबांना युक्ती सुचली. सरकारी झेंडा पिवळा, तर आपल्या घरात पिवळं काही नेसायचं नाही, लावायचं नाही. "जे घातलंच न्हाय, ते जमादार काढून नेतो कसा?" म्हणत ते स्वतःवरच खूश व्हायचे. दुकानातलं पिवळं कापड माळ्यावर गेलं. गावात मात्र कोणाच्या काही लक्षातच आलं नाही. उलट डोक्यावर टोपी दिसेना म्हणून जमादार त्यांना हसून रामराम घालायला लागला.

अशात माझं लग्न ठरलं. नवरा ईट गावचा. लग्नाच्या सकाळी नवरदेवाची उष्टी हळद वाजतगाजत दारात आली आणि आबांनी ती उंबऱ्यावरूनच परत पाठवली. बायका वाटी धरून तशाच उभ्या, आणि सनईवाल्यानं फुंक अर्ध्यात सोडली.

घटकाभरात नवऱ्याची आत्या मांडवात हजर.

"इवाई, हळद का परत धाडली?"

"आमच्या घरात लावत न्हाईत."

"हळद लावत न्हाय असं घर म्या तरी बघितलं न्हाय. पोरीच्या अंगावर कोड हाय का, ते सांगा. झाकून ठेवलं असंल तर आमी इथनंच बैलं जुंपतो."

कोड हा शब्द पडला आणि सगळ्या बायकांच्या नजरा माझ्या हातांवर, मानेवर, कानामागं फिरायला लागल्या. असं लग्न मोडलं असतं तर मला बघायला पुन्हा कोणी उंबरा चढला नसता. आणि खरं कारण सांगावं, तर समोर सतरंजीवर जमादार पान चघळत बसलेला. आईनं आबांकडं पाहिलं. आबांनी जमादाराकडं.

"पोरीच्या अंगावर कायबी न्हाय," आबा शेवटी मोठ्यानं म्हणाले. "पिवळा रंग निजामाच्या झेंड्याचा हाय. त्यो माझ्या लेकीच्या अंगाला लागू द्यायचा न्हाय, म्हणून."

सगळ्यात मोठा धक्का बसला जमादाराला. पान गालातच राहिलं.

"म्हंजे इतके दिवस तुमी आमच्याशी लढत होता? आन् मी रोज रामराम घालत होतो?"

"व्हय."

"एवढंच व्हय," आत्यानं सुस्कारा टाकला. "मला वाटलं कोड. चला, अक्षता वाटा."

जमादार उठला. "अक्षता पडू द्या. मग चौकीवर चला."

अक्षता पडल्या. नवऱ्यानं माझे हात हातात घेतले. त्याच्या तळव्यांना सकाळची हळद, तेल आणि वर उन्हाळ्याचा घाम. आबा न जेवताच जमादाराबरोबर गेले.

ईटच्या वाटेवर चौकी लागायची. मी गाडी थांबवायला लावली. आबा आत बाकावर बसले होते. आम्ही दोघांनी वाकून त्यांचे पाय धरले. उठून बघते तर आबांच्या पावलांवर पिवळीजर्द बोटं उमटलेली. माझे तळवेही तसेच.

आबा पायांकडं बघतच राहिले. जमादारानं टेबलावरून वाकून पाहिलं. "घ्या. आता तुमीच सरकारी झालात. कुणाला कोंडू?"

मी पदर तोंडात कोंबला. आबा हसले नाहीत. "जा," एवढंच म्हणाले, "पोचायला अंधार व्हईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सोडलं. घरी येऊन त्यांनी पाय धुतले, माळ्यावरून पिवळं कापड खाली काढलं आणि डोक्यावर नवी पांढरी टोपी चढवली. आई घाबरून म्हणाली, "अवो, ती बी नेतील."

"नेऊ दे," आबा म्हणाले. "निदान दिसती तरी."