सावलीतली पाच बोटं

शेजारच्या चाचांच्या डाळिंबांवर पस्तीस टक्के ऊन अडवणारी शेडनेटची जाळी होती, म्हणून मी माझ्या डाळिंबांवर पंच्याहत्तर टक्क्यांची टाकली. टक्के जास्त तर फळही जास्त, एवढं साधं गणित.

चाचा कुरुळीत दुचाक्या दुरुस्त करायचे. गॅरेजमागे त्यांची वीस झाडं, तारेच्या कुंपणाअलीकडे माझी वीस. माती तीच, पाणी तेच. पण उन्हाळ्यात माझी फळं करपून चट्टे धरायची आणि त्यांची पांढऱ्या जाळीखाली एका डागाशिवाय लाल व्हायची. शिफ्ट सुटली की जवळच्या कंपनीतले लोक माझ्या बांधावरून त्यांच्याकडे फळं घ्यायला जात. माझी बायकोही त्यांच्यात. तुम्हीच सांगा, माणसाने जळू नये तर काय करावं?

त्यांची जाळी किती टक्क्यांची, हे वाचायला मी एकदा चोरून कुंपण ओलांडलं. मान वर करून लेबलावरचं 'पस्तीस' वाचतोय, तोच मागे चाची.

"काय पायजेल?"

"काही नाही, जरा सावलीला आलो."

माझी काळपट हिरवी जाळी चढली, त्या दिवशी चाचा ग्रीसच्या हातांनीच बघायला आले. येताच त्यांनी जाळीखाली पंजा धरून त्याची सावली जमिनीवर पाडली. स्वतःच्या जाळीखालीही ते रोज दुपारी असाच धरत.

"बोटं मोजता येत्यात का, राव?"

खाली नुसता काळपट डाग.

"न्हाई ना? झाडाला सावली द्यायची, अंधार न्हाई."

"चाचा, भारीतली जाळी आहे."

"व्हय, दिसतंय," म्हणाले आणि हसले.

झाडं पानांनी माजली. फुलं मोजकीच आली, फळं आजारी माणसासारखी फिकट. चाचा दर आठवड्याला आपली पाच डाळिंबं दारात ठेवून जायचे. तेच जास्त झोंबायचं. ती गोडही असायची.

पुढच्या हंगामात मी गुपचूप पस्तीस टक्क्यांची पांढरी जाळी आणली. खाली पंजा धरला. पाचही बोटं स्वच्छ दिसली. आता एकच हट्ट होता, माझं फळ चाचांच्या हातावर ठेवायचं आणि त्यांच्या तोंडून "बरं हाय" ऐकायचं.

फळं लालीवर यायच्या आत चाचा गेले.

पहिलं डाळिंब घेऊन मी चाचींकडे गेलो. त्यांनी ते फोडलं, चार दाणे तोंडात टाकले, डोळे मिटले.

"लई गोड हाय."

माझी छाती फुगली. चाचींनी डोळे उघडून माझ्याकडे नीट पाहिलं.

"आमच्याच झाडाचं तोडून आमालाच आणलंत व्हय?"