पायाळू

कंबरेत उसण भरली तेव्हा आईने आधी पायाळू माणूस शोधून पाहिला. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याची लाथ बसली की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. तसं कोणी सापडलं नाही, म्हणून आम्ही समता कॉलनीत फिजिओथेरपिस्ट दीदींकडे गेलो.

मी टेबलावर पालथी पडले होते, चेहरा टेबलाच्या भोकात. मला फक्त वाकता यायला हवं होतं. दीदींनी समजावलं की मणक्याच्या सांध्यावर त्या झटकन छोटा दाब देतील. कट् असा आवाज आला तर तो हाड बसल्याचा नसतो.

"वो ठीक है," आई म्हणाली, "पर आप पैदा हुईं तब पैर पहले निकले थे क्या?"

"आंटी, मैं तो ऑपरेशन से हुई थी."

आईने लगेच नागपूरच्या मावशीला फोन लावला. "ऑपरेशनवाली चालते का व?"

"पहिले पाय काढले का डोकं, थे विचार तिले," स्पीकरवर मावशी.

"मम्मी से पूछना पड़ेगा," म्हणत दीदींनीही फोन काढला.

तेव्हा मी भोकातून ओरडले, "आई, करू दे ना त्यांना!"

इतका मोठा माझा आवाज आईनेही ऐकला नव्हता. दीदींनी घाबरून दाब दिला. कट् वगैरे काही झालं नाही. चपला घालण्याइतकी मी वाकले, आणि आई फोनवर म्हणाली, "पायाळूच असंल."