डंखावरचा चुना

मधमाशी चावली म्हणून कुणी आमच्या उपकेंद्रात आलं की मी आधी नाकानं तपासते. कांद्याचा वास आला तर घरात म्हातारं माणूस आहे, टूथपेस्टचा आला तर भाड्याच्या खोलीत राहणारा गडी! महाड-पोलादपूर भागात इतकी वर्षं नर्स म्हणून काढल्यावर असे किस्से साचणारच. सांगायला बसले की लोक हसतात. मीही हसते, पण एका ठिकाणी येऊन मला थांबावं लागतं.

*

बिरवाडीला ड्यूटी होती तेव्हाची गोष्ट. कंपनीतला एक कामगार आला. गालावर टूथपेस्ट, कपाळावर कांदा, कानामागे ओली माती.

"डंख किती?"

"एकच. गालावर."

"मग बाकीचं?"

"मॅडम, टूथपेस्ट रूम पार्टनरची, कांदा मालकिणीचा, माती वॉचमननं लावली. भाड्यानं राहतो, कुणाला नाही कसं म्हणणार!"

मी सगळं धुतलं, काटा काढला, गार पाण्याची पट्टी ठेवली. "एवढंच?" म्हणाला. पार हिरमुसला बिचारा.

*

पोलादपूरच्या वरच्या अंगाला बदली झाली आणि सुनंदा भेटली. आमच्या उपकेंद्राची आशाताई, बौद्धवाडीत राहणारी. वाड्यावाड्यांतून ठणकावून सांगायची, "काटा आधार कार्डाच्या कडेनं खरवडून टाका, साबणानं धुवा. आणि अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला, धाप लागली, तर घरात थांबू नका. सरळ गाडीत बसा!"

एकदा एक आजोबा आले. हात हा एवढा सुजलेला आणि काटा अजून आतच.

"काढला का नाय?" सुनंदानं विचारलं.

"आधार कार्ड पोराकडं हाय, मुंबयला. शनवारी येतोय तो."

सुनंदानं कपाळावर हात मारला. "अहो, नखानं काढायचा होतात!"

आजोबा भडकले. "नख चालतंय? मग सरकारनं ते कार्ड काढलंय कशाला!"

*

सुनंदाचं कुणापुढे चालायचं नाही म्हणाल, तर सासूपुढे. अख्खी वाडी म्हातारीला आय म्हणते. पान खायची सवय, त्यामुळे चुना कायम जवळ. कुणालाही माशी चावो, आयचं बोट चुन्यात बुडालेलंच!

एकदा उपकेंद्राच्या पायरीवर मलाच चावली. मी साबण शोधतेय तोवर आयनं मनगट पकडून चुना फासलासुद्धा. वर म्हणते, "तुझी सुई दुखते गो सिस्टर, माझा चुना गार पडतो."

खरं सांगते, गार वाटलं.

*

आता नामदेवचं. सुनंदाचा नवरा, आयचा एकुलता एक. आदल्या वर्षी त्याला एकच माशी चावली तर अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. महाडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा चावली तर मिनिटभर थांबायचं नाही. म्हातारी काळजी करत बसेल म्हणून हे त्या दोघांनी आयला सांगितलंच नाही.

पुढच्या गवतकापणीला पुन्हा चावली. सुनंदा माझ्याबरोबर वरच्या वाडीत, लसीकरणाला. फोनला रेंज नाही. नामदेव घरी आला. आयनं चुना लावला आणि म्हणाली, "जरा पड रे, उतरंल." आईचं मन राखायला तो पडला. वाडीतली एकुलती एक रिक्षा तेव्हा त्यांच्याच दारात उभी होती.

आम्ही खाली उतरलो तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. पोलादपूर यायच्या आधीच तो गेला. मी फार रडले. साऱ्या तालुक्याला शिकवत फिरलो आणि आमच्याच घरातला माणूस गेला. अजून ते मनातून जात नाही.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आय येईल त्याला सांगत होती, "मी लगेच चुना लावला गो. जरापन येळ नाय घालवला."

सुनंदानं मला बाजूला घेतलं. "सिस्टर, लगेच गाडीत घातलं असतं तर ते वाचले असते, हे आयला कधी कळता कामा नये. तेवढ्यावर जगतेय ती."

मी मान हलवली.

*

त्यानंतर सुनंदा बाकीच्या वाड्यांत सगळं सांगायची, स्वतःच्या वाडीत मात्र चुन्याबद्दल अवाक्षर नाही. मग तिथलीच एक बाई चुना लावून तासभर पडून राहिली आणि धाप लागल्यावर तिला आमच्याकडे आणलं. वाचली, नशीब तिचं. मी म्हटलं, "सुनंदा, आता सांगावंच लागेल. दुसरा नामदेव नको."

विहारात बायकांची मीटिंग लावली. आय सगळ्यांत पुढे. रिक्षावाला दिनेशलाही बोलावलं होतं, तो दाराशी उभा. मी काटा, साबण, गांधी, धाप सगळं सांगितलं. चुन्यापाशी माझीही जीभ अडखळली, म्हणून तेवढं गाळलं. पण मागून एकीनं विचारलंच, "आणि चुना? तो लावायचा का नाय?"

साऱ्या माना आयकडे वळल्या. मी सुनंदाकडे बघितलं. ती उठली, पदर सारखा केला.

"चुना लावायचा," ती म्हणाली. "पण गाडीत बसून लावायचा."

कुणी हसलं नाही. आयनं सुनेच्या तोंडाकडे बघितलं. मग जमिनीला हात टेकून उठली, दाराशी गेली, आणि कमरेची चुन्याची डबी काढून दिनेशच्या हातात ठेवली.

"ही तुझ्या गाडीतच ऱ्हाव दे," म्हणाली.