नलूबाईंनी न वाजवलेली कॅसेट

मुकुटबनच्या नलूबाई करमनकर यांनी एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली. मुलांची वजनं त्या स्वतः घेत. काटा हलत असला तर मूल शांत होईपर्यंत थांबत, अंदाजानं आकडा लिहीत नसत. त्यांच्या रजिस्टरात खाडाखोड सापडायची नाही. तपासणीला आलेल्या मॅडम त्यांचं रजिस्टर दुसऱ्या सेविकांना दाखवायला घेऊन जात. अशी बाई घरातल्या एका कॅसेटबद्दल चौतीस वर्षं खोटं बोलत होती, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

खोटं तसं लहानच होतं. कोणी कॅसेट मागितली की त्या म्हणत, "दीपाजवळ आहे, पांढरकवड्याले." दीपा म्हणजे त्यांची तिथं दिलेली मुलगी. दीपाच्या लग्नाआधी किंवा ती माहेरी आलेली असताना कोणी विचारलं, तर कपाटाची किल्ली सापडत नसे.

कॅसेट होती लहानूदादा पुनवटकरांच्या शेवटच्या कार्यक्रमाची. लहानूदादा वणीकडचे. स्वतः गाणी लिहायचे, स्वतः चाल लावायचे, स्वतःच पेटी घेऊन गायचे. जयंतीला, विहाराच्या उद्घाटनाला, कोणाच्या लग्नातही. त्यांच्या तीन कॅसेटी बाजारात आल्या होत्या, पण खरी गाणी बाजारात आलीच नाहीत. ती गावोगावच्या लोकांनी आपापल्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतली. १८ फेब्रुवारी १९९०, रविवार, या दिवशी ते मुकुटबनला गायले आणि मे महिन्यात वारले.

त्यांच्या चाहत्यांचं एक मंडळ आहे. झरी, वणी, केळापूर अशा ठिकाणची पंधरा-वीस माणसं महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कोणाच्या तरी घरी जमतात. कॅसेट लावतात, ऐकतात आणि ऐकण्यापेक्षा जास्त बोलतात. दादांची पेटी एकदा एसटीच्या टपावरून पडली आणि तरी वाजली, हा किस्सा नलूबाईंनी चार माणसांकडून चार तऱ्हेनं ऐकला होता आणि चारही वेळा त्या हसल्या होत्या. मोबाइलवर मंडळाचा ग्रुप आहे, त्यात दीडशेच्या वर लोक आहेत.

दादांनी मुकुटबनला एक नवं गाणं म्हटलं होतं. ते त्यांनी आधी कुठं म्हटलं नव्हतं आणि नंतर म्हणायला ते राहिले नाहीत. लोकांना त्याच्या दोनच ओळी आठवत:

साठीत शिकली माय माझी लिहाया नाव गं
पाटीवरती उभं राहिलं अवघं गाव गं

पुढचं कोणालाच नीट येत नव्हतं. ते होतं फक्त करमनकरांच्या कॅसेटवर. नलूबाईंचे यजमान श्रावण यांचं बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी भोंग्याच्या मशीनमधून वायर काढून तो कार्यक्रम उतरवला होता. मंडळात त्या गाण्याचं बोलणं निघालं की नलूबाई चहा ठेवायला उठत. इतका चहा त्या मंडळात दुसऱ्या कोणी केला नसेल.

बारा जानेवारीच्या रविवारी मंडळ नलूबाईंकडे जमलं. पांढरकवड्याच्या पोस्टात काम करणारी उज्ज्वला जुना डेक आणि लॅपटॉप घेऊन आली होती. मंडळाच्या एकतीस कॅसेटी तिनं आतापर्यंत लॅपटॉपमध्ये उतरवल्या होत्या. दादांच्या त्या कार्यक्रमाला भोंगे लावणारे उत्तमसिंग राठोड खुर्चीवर बसले होते. वय पंच्याहत्तर, गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. आणि सभा चालवायला होते धम्मरत्न भगत, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर.

धम्मरत्नांनी खिशातून कागद काढला. "एप्रिलमधे दादांच्या गाण्याचं पुस्तक काढाचं ठरलं आहे आपलं. मायचं गाणं अर्धवट छापनं बरं दिसत नाई. म्हणून राह्यलेली कडवी मीच जुळवली. आयका."

त्यांनी घसा साफ केला आणि चालीवर म्हटलं:

मायच्या हाती लेखणी येता सूर्य उगवला गं
ज्ञानाच्या त्या प्रकाशाने देश उजळला गं

मग उत्तमसिंग म्हणाले, "कंडक्टरसाहेब, दादांच्या गाण्यात सूर्य असा फुकट कधी उगवला नाई."

"मंग तुमीच सांगा ना दुसरं."

"मले येत असतं तं मी भोंगे कायले वाह्यले असते?"

लोक हसले. धम्मरत्न रागावले नाहीत, पण ठाम होते. "पुस्तकात खाली टीप टाकू. पाच-दहा सालानं कोन टीप वाचते? लोक म्हणतीन, दादांचंच आहे."

नलूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात कपांचा ट्रे होता. लोक म्हणतील दादांचंच आहे, हे वाक्य त्यांना लागलं. पुढची पोरं शाळेच्या स्टेजवर हा सूर्य दादांच्या नावानं म्हणतील. आजवर त्या गप्प राहिल्या ते आपल्या एका चुकीपायी. आता गप्प राहिल्या तर चुकीवर खोटं गाणं उगवणार होतं.

त्यांनी ट्रे खाली ठेवला. "धम्मरत्नभाऊ, थो कागद ठेवा. कॅसेट दीपाजवळ नाई. इथंच आहे."

"सापडली का किल्ली?" उत्तमसिंगांनी विचारलं.

"किल्ली कधी हरपलीच नोती, उत्तमभाऊ." नलूबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "थे गाणं माझ्या हातानं पुसल्या गेलं. म्हणून देत नोती."

मग त्यांनी सांगितलं ते असं. दीपाचं बारसं होतं, २ डिसेंबर १९९०. श्रावण दुकानाच्या सामानासाठी वणीला गेले होते. दुपारी बायका पाळण्याभोवती जमल्या आणि नलूबाईंची आई पाळणा म्हणायला लागली. आईला दमा होता. ती फार दिवस काढणार नाही, हे नलूबाईंना दिसत होतं. आवाज धरून ठेवावा म्हणून त्या टेपरेकॉर्डरकडे धावल्या. घरात कोरी कॅसेट नव्हती. हाताला जी लागली तिची वरची प्लास्टिकची चीप मोडलेली होती. चीप मोडली की त्या कॅसेटवर नवं काही भरता येत नाही, पण त्यावरचा इलाज गावात लहान पोरालाही माहीत होता. घरात कापूस होताच. बोळा करून त्यांनी त्या खाचेत दाबला आणि लाल बटण खाली केलं.

"पाळणे झाल्यावर कॅसेट बाहेर काढली," नलूबाई म्हणाल्या, "तं वर यांचं अक्षर. बाजू दुसरी. लहानूदादा, मायचं गाणं. चीप यांनीच मोडली होती, कोनी पुसू नये म्हणून. कापूस काढला, डबीत घातली, जागेवर ठेवून देल्ली. यायलेही सांगितलं नाई कधी. हे म्हणत, पट्टी झिजते, चांगला डेक भेटला का एकदाच वाजवू आन् कॉपी करू. वाट पाह्यत दोन हजार अकरात गेले. मले तं तवा बरंच वाटलं होतं का वाजवली नाई. आता सांगाले लाज वाटते."

धम्मरत्नांनी हातातला कागद एकदा उलटा केला, एकदा सुलटा केला.

उज्ज्वलानं विचारलं, "मावशी, नंतर लावून पाह्यली होती का?"

"हिंमत झाली नाई, बाई."

"मंग पुसलं हे कशावरून?"

"दुसऱ्या बाजूवर गाणं होतं आन् दुसऱ्याच बाजूवर मी भरलं. आनखी काय पाह्यजे?"

"आना तं खरी," उज्ज्वला म्हणाली.

कॅसेट कपाटात साड्यांच्या खाली होती, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत. उज्ज्वलानं ती उजेडात धरली, भोकात पेन्सिल घालून हळूहळू फिरवली. पट्टी एका जागी चिकटली होती, ती सुटली. "पुढं पळवता येनार नाई मात्र," ती म्हणाली. "इतकी जुनी पट्टी पळवली तं तुटते. जसं असंन तसं आयकाव लागंन."

"दुसरीच बाजू लाव," नलूबाई म्हणाल्या. "जे व्हाचं थे आधी होऊ दे."

पहिल्यांदा खरखर आली, मग भांड्यांचा आवाज, मग एक बाळ रडलं. आणि म्हाताऱ्या बाईचा पातळ, दम्यानं तुटणारा आवाज सुरू झाला. नलूबाई डेकजवळ येऊन बसल्या. आईचा आवाज त्यांनी चौतीस वर्षांनी ऐकला. ऐकावासा वाटत होता आणि तिच्या प्रत्येक ओळीबरोबर दादांचं गाणं जात होतं, हेही कळत होतं. आईनं दोन पाळणे म्हटले. मग दुसऱ्या बायकांनी म्हटले, एकीनं तर तोच पाळणा दोनदा म्हटला. उज्ज्वलाच्या लॅपटॉपवर वीस मिनिटं झाली, एकवीस झाली.

मग खट् आवाज झाला आणि एक जाड, खणखणीत आवाज खोलीत घुमला:

"...आणि म्हणून बंधू-भगिनींनो, मी आपला अधिक वेळ न घेता..."

उत्तमसिंग खुर्चीतून पडता पडता राहिले. "अरे बाप्पा! अध्यक्ष! अध्यक्ष आहे हा!"

"कोनते अध्यक्ष?" नलूबाईंना कळेना.

"वहिनी, तुमी नोत्या का कार्यक्रमाले?"

"आर्ध्यातून घरी गेलती. दादांच्या गाण्याच्या पार्टीचं जेवन आपल्याच घरी होतं. वीस मानसाच्या भाकरी होत्या."

"म्हणूनच!" उत्तमसिंगांनी मांडीवर थाप मारली. "अध्यक्ष दोन घंटे उशिरा आले. दादाचं गाणं रंगात आलतं. याचे लोक स्टेजवर चढले, हार घातले आन् यानं माईक असा पकडला का सोडतच नाई. अर्धा घंटा बोलून राह्यला. दादा बिचारा पेटीवर हात ठेवून बसला. मी दोन खेपा मशीनच्या बटनापाशी हात नेलता, आयुष्यात एवढी इच्छा कधी झाली नाई."

"मंग गाणं?"

"गाणं त्याच्यानंतर म्हटलं, वहिनी! शेवटी!"

धम्मरत्न हसू लागले, मग सगळेच. नलूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, हे श्रावणांच्या दुकानात बसून त्यांना पाठ झालं होतं. अध्यक्ष अजून बोलतच होते. अधिक वेळ न घेता त्यांनी रस्त्याचा विषय घेतला, मग विहिरीचा, मग स्वतःच्या वडिलांचा. गाणं संपेपर्यंत पट्टी पुरली असेल का?

"किती झाले?" त्यांनी उज्ज्वलाला विचारलं.

"सत्तावीस."

"हा मानूस मेल्यावर बी आटपत नाई," उत्तमसिंग म्हणाले.

तिसाव्या मिनिटाला टाळ्या वाजल्या. कोणीतरी माइकवर दोनदा फुंकलं, ते फुंकणं उत्तमसिंगांनी ओळखलं, आपलंच म्हणाले. आणि पेटीचा एक लांब सूर लागला.

दादा गाण्याआधी दोन वाक्यं बोलले. आवाज बसका होता. म्हणाले, हे नवीन आहे, पाठ नाही, चुकलो तर सांभाळून घ्या. आणि गायले. चार कडवी होती. पहिल्यात पाटी, दुसऱ्यात माय भिंतीवर कोळशानं नाव लिहिते आणि सून रागावते. तिसऱ्यात ती अंगठ्याला लागलेली जुनी शाई घासत बसते. चौथ्यात पिठाच्या परातीत बोटानं नाव लिहिते, भाकर थापायला ते मोडते आणि म्हणते, उद्या पुन्हा लिहीन. सूर्य कुठंच नव्हता. धम्मरत्नांनी आपला कागद घडी करून खिशात टाकला. तो नंतर कोणी मागितला नाही.

गाणं संपल्यावर टाळ्या चालू असतानाच रेकॉर्डिंग थांबलं. साडेअडतीस मिनिटं, बाकी पट्टी कोरीच, उज्ज्वलानं लिहून ठेवलं.

नलूबाई रडत होत्या, पण त्यांचा चेहरा रडणाऱ्याचा नव्हता. कोणीतरी मोठं ओझं उतरवून घेतल्यावर माणूस दोन्ही खांदे फिरवून पाहतो, तशा त्या बसल्या होत्या. आज चहा उज्ज्वलानं ठेवला.

"वहिनी," उत्तमसिंग म्हणाले, "एक तक्रार आहे आपली. पाळणे अजून दोन म्हणाले पाह्यजे होते. अध्यक्ष पुरा पुसल्या गेला असता."

"चूप बसा, उत्तमभाऊ," नलूबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. "अजून दोन म्हटले असते तं तुमच्या दादाची पेटी बी गेली असती."

संध्याकाळी उज्ज्वलानं गाणं ग्रुपवर टाकलं. नलूबाईंनी तिला सांगितलं होतं की अध्यक्षांसकट, पाळण्यांसकट, काही न कापता जसं आहे तसं टाक. गाण्याखाली आपण स्वतः लिहू म्हणाल्या. चष्मा लावून, एकेक अक्षर तपासत त्यांनी लिहिलं की कॅसेट श्रावण करमनकर यांनी भरली, सुरुवातीचा भाग २ डिसेंबर १९९० रोजी माझ्या हातून पुसला गेला, आणि कॅसेट दीपाकडे आहे असं मी आजवर जे सांगत आले ते खरं नव्हतं.

वणीहून, झरीहून, नागपूरहून उत्तरं येत राहिली. बहुतेकांनी गाण्याबद्दल लिहिलं होतं. दीपानं लिहिलं, सुरुवातीला बाळ रडतं ती मीच ना? खालून कोणा अनोळखी बाईनं विचारलं होतं, सुरुवातीचे पाळणे कोणी म्हटले, फार गोड आहेत, शब्द मिळतील का?

नलूबाईंनी लिहिलं: पहिले दोन माझ्या आईचे, सुभद्राबाई. रचलेही तिनंच. शब्द उद्या ऐकून लिहून पाठवते.