माझ्या नावावरची गाडी

"स्वल्प मेले, अम्मा."

म्हणजे कन्नडमध्ये, अजून थोडी वर. एजंट साडीबद्दल बोलत होता. माझ्या साडीबद्दल.

रविवारची सकाळ. जयनगरच्या आपल्या घराची मागची बाजू. मागे वाळत घातलेले कपडे फोटोत येऊ नयेत म्हणून तुमच्या मामीने पांढरी चादर ताणून धरली होती. तिच्यापुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर मी. समोर तुमचा मामा मोबाइल घेऊन उकिडवा बसलेला, आणि त्याच्या खांद्यावरून एजंट स्क्रीनमध्ये पाहत होता.

मी साडी घोट्याच्या वर घेतली. तो म्हणाला, दिसत नाही. पोटरीपर्यंत घेतली. "स्वल्प मेले." गुडघ्यापर्यंत घेतली.

"आई, कॅलिपर काढ ना," मामा म्हणाला. "नुसता पाय दिसला पाहिजे. नाहीतर फाइल परत येते."

मी पट्टे सोडले. लोखंडी पट्ट्या आणि बूट बाजूला ठेवले.

माझा उजवा पाय तुम्ही पाहिलेला नाही. तुमच्या आईनेही नीट पाहिला नसेल. मी तीन वर्षांची असताना ताप आला, पोलिओ झाला, आणि त्यानंतर तो पाय वाढायचा राहिला. माझ्या मनगटापेक्षा थोडासा जाड आहे. सत्तर वर्षं मी तो झाकला. त्या सकाळी तो उन्हात होता आणि एक परका माणूस त्याच्याकडे बघत होता.

"सुपर," एजंट म्हणाला. "लेग क्लिअर आहे."

मामीने चादरीची घडी केली. मला पट्टे बांधायला मदत लागते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. दोघं एजंटला कॉफी द्यायला आत गेली.

मुलांनो, तुमच्याकडे आला तो फोटो वेगळा. त्यात मी नव्या गाडीपुढे उभी आहे. गळ्यात हार, हातात पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली. तुम्ही लिहिलंत, आजी किती खूश दिसतेय. मी उत्तर दिलं नव्हतं. ते आता देते. मराठीत देते, आईकडून वाचून घ्या. इंग्रजीत लिहायला बसले होते, पण इंग्रजीत मी फार सभ्य होते. नन्सनी शिकवलेलं इंग्रजी आहे ते. त्यात राग नीट मावत नाही.

आमच्या घरात 'पाय' हा शब्द कुणी उच्चारत नसे. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाहुणे यायचे असले की मला आधीच खुर्चीवर बसवून ठेवत. पाहुणे जाईपर्यंत मी उठायचं नाही. लग्नासाठी काढलेल्या फोटोत माझ्यापुढे टेबल होतं आणि टेबलावर फुलदाणी. मला वाटे, हे माझ्यावरचं प्रेम आहे. असेलही. पण पाय दाखवायचा की झाकायचा, हे अण्णांनी ठरवलं होतं. पुढे तेच मी स्वतःहून चालू ठेवलं. कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं नोकरी केली. सगळ्यांच्या आधी पोहोचायचे, सगळ्यांच्या नंतर निघायचे, मला चालताना कुणी पाहू नये म्हणून. लोक म्हणत, काय कामसू बाई आहे.

निवृत्तीनंतर चांगला पायही थकला. इतकी वर्षं दोघांचं ओझं त्याने एकट्याने ओढलं होतं. दोनदा पडले. वॉकर आला. घरापासून फाटकापर्यंत बेचाळीस पावलं. मी पावलं मोजते, सवय आहे. फाटकापुढे जाणं बंद झालं. तुमचे आजोबा होते तोवर ते मला ऑटोने वाचनालयात घेऊन जायचे. ते गेले, तेही संपलं; आपण होऊन एकटीने जायचा धीर होईना.

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात एक दिवस मी एक बाई पाहिली. बॅटरीवर चालणाऱ्या व्हीलचेअरवर होती. उजव्या हाताखाली एक छोटी दांडी. ती पुढे ढकलून बाई दारातून बाहेर गेली, उतारावरून खाली, रस्त्याच्या कडेने गेली. तिच्या मागे कुणी नव्हतं. ढकलणारं कुणीच नव्हतं. मी तिथे बसून वळणापर्यंत बघत राहिले.

घरी येऊन सगळी माहिती काढली. कुठे मिळते, बॅटरी किती चालते. अशा साधनांवर कर कमी असतो, तेही वाचलं. सगळं एका कागदावर नीट लिहून मामापुढे ठेवलं. तो टीव्हीवर मॅच बघत होता.

"आई," तो म्हणाला, "तुला जायचं कुठे असतं?"

रागाने म्हणाला नाही. अगदी मनापासून विचारलं.

"वाचनालयात," मी म्हणाले.

"पुस्तकं मी आणून देतो की."

मामी म्हणाली, "आणि ती खुर्ची ठेवायची कुठे? पोर्चमध्ये नवी गाडी येणार आहे."

तो कागद टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये गेला. पुस्तकं आली नाहीत.

महिनाभराने मामा माझ्या खोलीत आला आणि पलंगावर बसला. फार दिवसांनी असा बसला होता. "आई, तुझं अपंगत्वाचं सर्टिफिकेट आहे ना?" त्याला कुणीतरी सांगितलं होतं की अस्थिव्यंग असलेल्या माणसाने स्वतःच्या नावावर गाडी घेतली तर करात सवलत मिळते. जीएसटी कमी. रस्त्याचा करही माफ. एजंट सगळं करून देतो.

माझा कॅलिपर रात्री पलंगाखाली असतो. लहानपणी त्याचे मित्र येणार असले की तो पायाने अजून आत सारायचा. मी ते पाहायचे. त्या दिवशी तो त्याच पलंगावर बसून माझ्या पायाबद्दल पाऊण तास बोलला. टक्केवारीसकट. टक्केवारी चाळीसच्या वर हवी होती. माझी भरपूर वर निघाली तेव्हा त्याने मामीला हाक मारून सांगितलं. आनंदाने.

तुम्ही विचाराल, आजी, मग तू साडी वर का केलीस? हमीपत्रावर सही का केलीस? मी ते वाचलं नव्हतं असं समजू नका. वाचलेल्या कागदावरच सही करणारी बाई आहे मी. गाडी माझ्या वापरासाठी आहे, असं त्यात लिहिलं होतं. मी ते खरं धरलं. मला वाटलं, गाडी आली की मला नेतील. आठवड्यातून एकदा का होईना, नेतील. फाटकाबाहेर जाण्यासाठी मी साडी वर केली. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिते.

गाडी घ्यायच्या दिवशी शोरूममध्ये नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली. किल्ली मालकिणीच्या हातात, म्हणून मला वॉकरसह पुढे केलं. फोटो झाला. तुम्हाला आला तोच. मग तिथली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आत बसा ना, एक फोटो आतला."

दार उघडलं. गाडी उंच होती. हल्लीच्या असतात तशी, सीट माझ्या कमरेच्याही वर. मी दाराला धरलं. डावा पाय उचलेना, उजव्याचा प्रश्नच नव्हता. पुन्हा प्रयत्न केला. वॉकर सरकला.

"राहू दे, राहू दे," मामा म्हणाला. "तिला जमत नाही."

कुणी म्हणालं नाही की ही गाडी घेण्याआधी हिला एकदा बसवून पाहायला हवं होतं. मुद्दाम टाळलं असतं तर मी निदान रागावले असते. त्यांना ते सुचलंच नव्हतं.

ती सगळी गाडीतून देवळात गेली. मला ऑटोत बसवलं. ऑटो बुटका असतो, त्यात मला जमतं. ऑटोवाल्याने माझ्या गळ्यातला हार पाहिला, मागे वळणारी गाडी पाहिली.

"अक्का, नई गाडी किसकी है?"

"मेरी," मी म्हणाले.

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. तो हसला. मीही हसले. घरी येईपर्यंत हार काढायचं मला सुचलं नाही.

त्यानंतर सात महिने गाडी रोज हेब्बाळला जात होती. मामाचं ऑफिस तिथे. काचेवर व्हीलचेअरच्या खुणेचा निळा स्टिकर लावला होता. जेवताना तो एकदा म्हणाला, त्या स्टिकरमुळे लिफ्टच्या अगदी शेजारची राखीव जागा मिळते, उन्हातान्हात चालावं लागत नाही. मामी हसली. "आईंचा पाय लकी आहे हं." माझ्या पानात भात होता. मी जेवले. तेव्हाही जेवले.

मग एका संध्याकाळी तो एक छापलेला कागद घेऊन आला. पेनही सोबत आणलं होतं.

"ऑफिसचं आहे. फक्त एक सही."

मी चष्मा लावला. त्यात लिहिलं होतं की सदर वाहनातून माझी नियमित ने-आण केली जाते, आणि ऑफिसजवळच्या दवाखान्यात मला उपचारासाठी नेलं जातं.

"हे कुणी मागितलं?"

"एचआरने. आमच्याकडे एक मुलगी आहे, नागपूरची. तिने तक्रार केलीय. कटकट आहे नुसती. पोलिओवाली..." तो थांबला. मग घाईने म्हणाला, "मागे जादा चाकं लावलेली स्कूटर आहे तिची. तिला तीच जागा पाहिजे."

"आता ती कुठे लावते?"

"मागच्या गेटला. स्वल्प चालावं लागतं, बस."

"किती पावलं?"

"काय?"

"मागच्या गेटपासून लिफ्टपर्यंत. किती पावलं आहेत?"

"आई, मी काय पावलं मोजतो का?"

"ती मोजत असेल," मी म्हणाले.

मला ती मुलगी दिसली. नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही. पण काठ्या कशा टेकवत असेल ते माहीत आहे. पाऊस पडून गेला की फरशीवर कुठे थांबत असेल ते माहीत आहे. कुणी पाहू नये म्हणून किती लवकर येत असेल तेही. आणि सात महिने तिच्या जागेवर माझा पाय उभा होता. माझं सर्टिफिकेट. माझी सही. तिला बाहेर ठेवणारी मीच होते.

मी पेनला टोपण लावलं.

"मी सही करणार नाही."

"आधी केलीस की! हमीपत्रावर केलीस. तेव्हा कसं चाललं?"

"तेव्हा मला बाहेर जायचं होतं."

"म्हणजे मी चोर?"

"आपण दोघं," मी म्हणाले.

मामी दारात आली होती. "आई, तुम्ही पडलात तेव्हा कोण धावलं? ती नागपूरची आली होती का?"

हे खरं होतं. धावली मामीच होती. मला आंघोळीला हात तीच देते. उद्या तो हात मिळेल का, हा विचार माझ्या मनात आला. लपवत नाही, आला. पेन हातात धरून मी तो विचार पुरता होऊ दिला. मग कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, ग्रंथालयाच्या कार्डांवर लिहायचे त्याच अक्षरात: ही गाडी माझ्या नावावर आहे. मी तिच्यात एकदाही बसलेले नाही. राखीव जागा माझ्यासाठी वापरली जात नाही. खाली सही केली.

"हे दे त्यांना."

मामाने तो कागद फाडला. चार तुकडे केले.

मी वहीतलं दुसरं पान काढलं आणि पुन्हा तेच लिहिलं. तो बघत होता. दुसऱ्यांदा त्याने हात पुढे केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बेचाळीस पावलं चालून फाटकाशी गेले, ऑटो थांबवला, आणि पोस्टात दोन पत्रं टाकली. एक त्याच्या ऑफिसला. दुसरं सवलत देणाऱ्या खात्याला.

काचेवरचा स्टिकर निघाला आहे. मामा माझ्याशी बोलत नाही. मामी आंघोळीला हात देते, पण भिंतीकडे बघत. वाचनालयात मी अजून गेलेले नाही. पेन्शनमधून व्हीलचेअर घेतली, ती पोर्चमध्ये गाडीशेजारी उभी आहे, कारण घरात चढायला दोन पायऱ्या आहेत आणि उतार करायला मामाने नकार दिला आहे. घर अजून माझ्याही नावावर आहे. गवंड्याला मी सोमवारी बोलावलं आहे.

तुमची आई म्हणेल, घरातलं घरात मिटवायला हवं होतं. घरातच तर झालं सगळं.

खात्याची नोटीस येईल. सवलत परत करा म्हणतील, वर दंडही लावतील. ती नोटीस माझ्याच नावाने येईल, कारण गाडी माझी आहे. येऊ दे. बोलावलं तर मी स्वतः जाईन. मुलाला पाठवणार नाही, एजंटला पाठवणार नाही. त्याने काय केलं ते सांगेन, मी काय केलं तेही सांगेन. साडीला हात लावणार नाही. आणि त्या कचेरीला पायऱ्या असल्या, तर मी खाली फाटकात थांबेन आणि साहेबांना फाइल घेऊन खाली बोलावीन. येईपर्यंत तिथून हलणार नाही.