आबांना मी पडू दिलं नाही

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डाव्या अंगावरून वारं गेलं ते माघात. चैत्र सरता सरता ते भिंतीच्या आधाराने चालू लागले. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी तोल यावा म्हणून एक सराव सांगितला होता. पडवीतल्या खांबाला धरून पाय जुळवायचे, मग खांब सोडायचा आणि दहा अंक मोजायचे. मी मागे उभं राहायचं. "हात जवळ ठेव, पण लावू नकोस," असं त्यांनी मला बजावलं होतं.

चिखलणी झाली की बैलांमागच्या फळीवर उभं राहून भातखाचर सपाट करायचं. आमच्यात ते काम घरच्या कर्त्याचं. दहा अंक झाले की मीच फळीवर चढणार, असं आबा दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत.

पण ते अंथरुणावर असताना गडी मला विचारू लागले होते. आधी कुठलं खाचर, बी किती. आईसुद्धा विचारायची. मी चोवीस वर्षांचा होतो, आणि तोवर मला कुणी काहीच विचारलं नव्हतं. ते मला फार आवडलं. हे मी आजवर कुणाशी बोललो नाही.

ज्येष्ठातल्या एका सकाळी पडवीत आम्ही दोघंच होतो.

"हात काड."

"काढलाय, आबा."

"बोट लागतंय पाटीला. मी काय नवी नवरी हाय व्हय?"

मी खरंच हात काढला. त्यांनी खांब सोडला. "येक... दोन..." पाचाला डावा गुडघा थरथरला, पण सावरला. सहा. सात. आठाला ते उभे होते, जराही न डोलता.

मी दोन्ही हातांनी त्यांची कंबर धरली. "पडत होता, आबा!"

"पडत हुतो?"

"व्हय."

ते खाली बसले. कपाळावरचा घाम पुसला. "मला वाटलं, जमतंय."

त्या आखाडात फळीवर मी उभा राहिलो.

भात पोटरीला आलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, तेव्हा मला ते सोसेना. मी त्यांना पुन्हा खांबापाशी नेलं.

"आबा, मी पार बाजूला होतो. मोजा तुमी."

त्यांनी चांगल्या हाताने माझं मनगट घट्ट पकडलं.

"लांब नगं जाऊ. मी पडतोय त्ये मला कळत न्हाई रं. तुलाच कळतं."