पत्रिकेएवढी फट

माझ्या साडूंइतका नावं ठेवायला अवघड माणूस उभ्या इंदापूर तालुक्यात सापडायचा नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. लग्न झाल्यापासून प्रयत्न करतो आहे. आम्ही दोघेही गाड्या दुरुस्त करतो. माझं गॅरेज बारामतीत, फरशी घातलेलं, गाडीचा दोष पडद्यावर दाखवणाऱ्या स्कॅनरसकट. त्यांची भवानीनगरला पत्र्याची शेड, आणि दोष सापडेपर्यंत ते स्वतः उलट्या क्रेटवर बसून राहतात. तरी कळसला सासुरवाडीत पुरणपोळीवर तुपाची दुसरी धार पडते ती थोरल्या जावयाच्या ताटात. माझ्या ताटाशी येईपर्यंत सासूबाईंना चुलीवरचं काहीतरी आठवतं.

सगळे मेकॅनिक काम झाल्यावर हात धुतात, हे काम करण्याआधी साबण लावून धुतात. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याला 'थांब रे जरा', पण इंजिनाशी अहो-जाहो. "काय हुतंय तुमाला? सांगा की निवांत," असं एका ट्रॅक्टरला विचारताना मी त्यांना ऐकलं आहे. आणि पाहिल्याशिवाय विश्वास कशावरच नाही. सासूबाईंचा मिक्सर बंद पडला तेव्हा त्यांनी तो पार मोकळा करून पाटावर मांडला, मग पिन सॉकेटात नसल्याचं सापडलं. सासूबाई मात्र महिनाभर सांगत होत्या की जावयांनी मिक्सर आतनं स्वच्छ करून दिला. लग्नाची पत्रिका आली की ते आधी ती दोन बोटांत चोळून बघतात. "पातळ हाय," म्हणाले की यजमानाचं तोंड उतरतं. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की जाड पत्रिकेचे तुकडे कापून साडू इंजिनातली फट मोजतात!

गेल्या उन्हाळ्यात सासऱ्यांची पिकअप ढोबळी मिरची घेऊन जाताना वाटेत बंद पडू लागली. थंड असताना ठीक, तापली की गप. माझ्या स्कॅनरनं टायमिंगचा सेन्सर दाखवला. इंजिनाच्या पुढच्या कव्हराआड एक दातेरी चकती फिरते. तिचे दात मोजणारा हा अंगठ्याएवढा सेन्सर तिच्यापासून नेमक्या अंतरावर बसवावा लागतो. लांब राहिला तर त्याला दात कळत नाहीत, जवळ गेला तर घासतो. कव्हर न काढताही खालून हात घालून तो बदलता येतो. मी तसाच बदलला. आठ दिवसांनी गाडी पुन्हा निरवांगीच्या रस्त्यावर उभी. मी पुन्हा बदलला. गाडी पुन्हा बंद पडली तेव्हा सासरे फोनवर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या जावयबापू. थोरल्यांना दाखवतो."

मला वाटलं, गाडी आता भवानीनगरला जाणार. पण दुसऱ्या दिवशी पिकअप आणि सासऱ्यांना घेऊन साडूच माझ्या दारात. "हितंच बघू," म्हणाले. सासऱ्यांना चहाला पाठवून दिलं, हात धुतले आणि कव्हर काढलं. मी मागे उभा राहून मनापासून इच्छा करत होतो की यांनाही काही सापडू नये.

सेन्सरवर बराच वेळ बोट फिरवून ते म्हणाले, "खाली कायतरी हाय. जुन्या तेलाचा थर असंल." मी सेन्सर काढला. खरोखरच तो टेकतो त्या बसकणीवर नखाएवढा कडक थर होता. माझे दोन्ही सेन्सर त्यावर तिरके बसले होते. मी तो खरवडला. मग पत्रिकेचा तुकडा माझ्या हातात देत ते हळूच म्हणाले, "फट तुमी बघा, पाव्हणं. मला दिसंना."

"म्हंजे?"

"मोतीबिंदू. दिवाळीपासनं एका दाताचं दोन दिसत्यात."

"घरी सांगितलं?"

"न्हाय. तुमीबी सांगू नका."

मी सेन्सर परत बसवला, त्याच्या आणि चकतीच्या मध्ये तुकडा सरकवला, सेन्सर आवळला, तुकडा काढून घेतला. साडूंनी पान्यानं चकती हळूहळू पूर्ण फिरवली. मी दातन् दात बघितला. कुठं घासत नव्हतं. गाडी इंदापूरला जाऊन आली, पण एकदाही बंद पडली नाही. सासरे म्हणाले, "म्हणून म्हणतो, थोरल्यांचा हात तो हात." सगळं सांगून टाकायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गप्प राहिलो. चांगुलपणानं नव्हे, तो थर माझ्याच हातून राहिला होता.

तेव्हापासून आठवड्यातून एखादा फोन येतो: "कव्हर काढलंय. सवड हाय का?" मी शटर ओढून भवानीनगरला जातो. ऑपरेशनचं काढलं की साडू म्हणतात, "उसाचा हंगाम उरकू द्या." भर उन्हाळ्यातही हेच सांगतात. परवा मी चिडून विचारलं, "लोकांची इंजिनं उघडता, मग स्वतःच्या डोळ्याचं भ्या का?" ते पाना पुसू लागले. "इंजन मी उघडतो, पाव्हणं. डोळा दुसराच कुणीतरी उघडणार."

"मी येतो की संगं."

त्यांनी पत्रिकेचा तुकडा माझ्या हातात दिला. माझं सेन्सर आवळून झालं तेव्हा त्यांनी विचारलं, "बसला?"

"बसला."

वाकून न बघता, बोटसुद्धा न लावता, त्यांनी कव्हर उचललं आणि बोल्टांसाठी माझ्याकडे हात पसरला.